वीबेबाईंची भीती

आई गेल्यावर चर्चमध्ये जो तो मला एकच सांगत होता, "लेनोर, तुझी आई म्हणजे वाघीण. भीती म्हणून ठाऊक नव्हती तिला." मी मान हलवत होते. आठ वर्षांची असताना जे पाहिलं, ते तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आईचं नाव अगाथा वीबे. आमची शेती गावाबाहेर होती. दर बुधवारी चर्चच्या स्वयंपाकघरातून गरम जेवणाचे डबे घेऊन आई एकट्या म्हाताऱ्यांना पोचवायची. पाच घरं. शेवटचं ह्नातियूक आजोबांचं, गावापासून अकरा मैल. ते आमच्या पंथाचे नव्हते, चर्चवर त्यांचा राग होता. पण कोबीच्या सूपवर नव्हता.

त्या फेब्रुवारीत शाळेला सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर निघाले. बाबा दारात उभे होते.

"अगाथा, आभाळ बघ. आजचा दिवस राहू दे."

"म्हाताऱ्याला दुसरं कोण आहे, एब्राम?"

"एक दिवस उपाशी राहिला म्हणून मरायचा नाही तो."

"आपण जेवतो ना पोटभर," आई म्हणाली आणि गाडीत बसली.

चार घरं नीट झाली. पुढे वाटेत वारा सुटला, बर्फ उडायला लागलं, आणि बघता बघता समोरचा रस्ता दिसेना. खांब दिसेनात, कुंपण दिसेना, गाडीचं नाकसुद्धा दिसेना. आभाळ आणि जमीन एकच पांढरं झालं. आईने गाडी अगदी हळू केली, तरी ती एका बाजूला कलंडली आणि चरात रुतून बसली.

"आता काय गं आई?"

"आता बसायचं. बाहेर नाही पडायचं, काय वाट्टेल ते झालं तरी."

तिने इंजिन बंद केलं.

"तुझा जेकबमामा," ती समोर बघत म्हणाली, "मी बारा वर्षांची होते तेव्हा असल्याच वादळात गोठ्यातून घरी यायला निघाला. तिसऱ्या दिवशी सापडला. घराच्या पायरीपासून चाळीस पावलांवर."

मामा लहानपणीच गेला एवढंच मला माहीत होतं. मी रडायला लागले. तिने मला कुशीत ओढलं आणि एक स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. ते तिला झोपेतही यायचं. पण मरणाच्या दरीतून जाताना भीती नाही, अशी ओळ आली तिथे ती अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. मग डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, माझ्या तोंडून खोटं वदवू नकोस. मला फार भीती वाटतेय. ही पोर तेवढी सांभाळ."

आई घाबरलीय! त्या वादळापेक्षा मला तिच्या त्या बोलण्याचीच जास्त धडकी भरली.

उबेसाठी ती मधूनमधून इंजिन चालू करत होती. थोड्या वेळाने माझं डोकं दुखायला लागलं, मळमळलं. आईने झटकन इंजिन बंद केलं. मागची धुराची नळी बर्फाने बुजून धूर आत येत होता, ती मोकळी करायला बाहेर जाणं भाग होतं. डब्यांभोवतीची फडकी, तिचा स्कार्फ, माझा स्कार्फ, सगळं तिने गाठी मारून जोडलं. एक टोक स्टिअरिंगला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला.

"मी दोनदा ओढलं की तू दोनदा ओढायचंस. दार उघडायचं नाहीस. शपथ?"

"नको ना गं जाऊस!"

"शपथ म्हण."

मी शपथ घेतली. दार उघडलं, मिटलं, आणि आई त्या पांढऱ्यात विरून गेली.

दोन हिसके आले. मी ओढलं. पुन्हा दोन. मग काहीच नाही. मी मोजायला लागले. पन्नास झाले. दोरी हातात सैल आली. मी ओढली, ती सरसर येत राहिली, आणि शेवटच्या फडक्याची सुटलेली गाठ माझ्या मांडीत पडली.

मी किंचाळले. ओरडत राहिले, काचेवर मुठी आपटत राहिले. दाराला हात घातला, शपथ आठवली, हात काढला, परत घातला. किती वेळ गेला देव जाणे. मग मागच्या पत्र्यावर काहीतरी थडकलं. गाडीला चाचपडत आई दारापाशी आली आणि आत कोसळली. तिच्या पापण्या गोठल्या होत्या.

"गाडी हरवली होती गं," ती म्हणाली. "तुझा आवाज आला म्हणून..." आम्ही दोघी एकमेकींना धरून हमसून रडलो.

नळी मोकळी झाली होती. सूप कोमट होतं तोवर पिऊन टाकलं. दिवस कलताना वारा पडला, आणि पाहतो तर ह्नातियूक आजोबांचं फाटक पाव मैलावर! म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने काचेवर टकटक केलं.

"वीबेबाई, माझं जेवण कुठाय?"

"खाल्लं आम्ही," आई म्हणाली. ती हसतही होती आणि रडतही होती.

"घ्या! चर्चवाल्यांचा भरवसाच नाही," तो पुटपुटला आणि अंगातला कोट काढून त्याने माझ्याभोवती गुंडाळला.

पुढच्या बुधवारी आई पुन्हा गेली. नंतर आणखी एकतीस वर्षं जात राहिली.

हे सगळं मी आईच्या अंत्यविधीच्या दिवशी शवपेटीजवळ उभी राहून सांगितलं. "आई निडर नव्हती," मी म्हणाले. "ती घाबरायची. घाबरत घाबरत जायची." आपण आईचा अपमान तर नाही केला, असा विचार करत मी जागेवर जाऊन बसले.

दफन झाल्यावर खाली दालनात जेवण होतं. बाबा पावाचा तुकडा नुसता कुस्करत बसले होते. मी शेजारी बसले.

"चुकलं का माझं, बाबा?"

त्यांनी पाव ताटलीत ठेवला.

"हिवाळ्यातल्या बुधवारी निघण्याआधी तिला उलटी व्हायची," ते म्हणाले. "न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून. मला कळू नये म्हणून. मी दाराबाहेर उभा असायचो. त्या वादळानंतर एकदाही जाऊ नकोस म्हटलं नाही. म्हटलं असतं तर राहिली असती, आणि मग तिचं तिलाच तोंड दाखवता आलं नसतं." त्यांनी डोळे पुसले. "ती परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, पोरी."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता. तो ऊबदार होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.