बोर्डावर उतरलेलं पान

पुंजाराम सरांनी समोर ठेवलेला लॅपटॉप हलकेच मागे सरकवला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डाकडे बोट केलं.

“त्याच्यावर काढून दाखवलं तर चालंल का?”

ऋतुराजनं सुकेशनीकडे पाहिलं. कंपनीतल्या नव्या मुलांना वेबसाइट करायला शिकवणारा माणूस हवा होता, आणि मुलाखत घ्यायला हे दोघं बसले होते. दहा मिनिटांत ऋतुराजनं चार नव्या साधनांची नावं घेतली होती. सरांनी चारही वेळा “नाय वापरलं” म्हणून सांगून टाकलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी इतकं खरं बोलून कुणाला नोकरी मिळते? अर्जावरचं नाव वाचूनच सुकेशनीनं आपल्या जुन्या सरांना ओळखलं होतं, पण सांगितलं तर वशिला वाटेल म्हणून ती गप्प होती. सरांनाही तिनं लग्नानंतरचं आडनाव तेवढं सांगितलं होतं. वेण्या जाऊन चष्मा आला त्याला सोळा वर्षं झाली. ते कसे ओळखणार?

सरांच्या हातात एका दुकानाच्या वेबसाइटच्या कोडचा छापील कागद होता, तिनंच सकाळी घाईत तयार केलेला. त्यात चूक एकच, मुद्दाम घातलेली.

सर बोर्डापाशी गेले आणि तिला त्यांचा गुलमंडीतला जिन्यावरचा क्लास आठवला. वीस पोरं, दोन कॉम्प्युटर, आणि लाईट बेपत्ता. मग पोरं वहीत कोड लिहीत आणि सर स्वतःच ब्राउझर होत. ज्यानं जे लिहिलं तेच खडूनं फळ्यावर काढत, चुकीसकट. सगळा वर्ग हसायचा. चुकलेल्यानं उठून दुरुस्त केल्याशिवाय सर फळा पुसत नसत. तेव्हा लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. आता त्या दिवसांसाठी तिचा जीव तुटत होता.

सरांनी मोबाइलची चौकट काढली. मग चित्र काढलं. ते चौकटीबाहेर पार बोर्डाच्या कडेपर्यंत गेलं.

“रुंदी पक्की ठोकून दिली. मोबाइलात मावायचं नाय.”

“बरोबर,” ऋतुराज म्हणाला. “हीच चूक होती.”

सर थांबले नाहीत. दुकानाचं नाव त्यांनी मार्कर दोनदा फिरवून जाड केलं. खाली पत्ता, तोही जाड. फोन नंबर जाड. ‘शुक्रवारी बंद’ जाड.

“सर, सगळंच जाड का?”

“नाव जाड करा म्हणून लिहिलंय. थांबा म्हणून कुठं लिहिलंय?”

ऋतुराजनं कागद ओढून घेतला. सुकेशनीचे कान तापले. ही चूक तिनं घातलेली नव्हती.

“आमच्या क्लासात एक पोरगी व्हती,” सर बोर्डाकडे बघतच म्हणाले. “लई हुशार. पण जाड सुरू करायची अन् बंद करायचं विसरायची. दर वेळेला.”

त्यांनी मार्कर पुढे धरला. दुसऱ्या हातात बोर्ड पुसायचं फडकं नुसतंच धरलेलं होतं.

सुकेशनी खुर्ची सारून उठली. दुकानाच्या नावापुढे तिनं जाड बंद करायची राहिलेली खूण लिहिली.

“चुकले, सर.”

ऋतुराज दोघांकडे बघत राहिला. मग त्यानं उरलेल्या प्रश्नांचा कागद पालथा घातला.

“पुसू नका, सर. सोमवारी मुलांना पहिलं हेच शिकवा.”

सरांनी फडकं टेबलावर ठेवलं.

“बरं,” ते म्हणाले. “बस खाली, सुकेशनी.”