अर्ध्या आठवड्याची शाळा

तय्यब आणि सुरैय्या यांच्यात लग्नानंतरची पहिली मोठी कुरबुर झाली ती बानूच्या शाळेवरून. बानूला तेव्हा तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. तय्यब दाभोळचा. दुबईत एका शिपिंग एजंटकडे क्लार्क होता. रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून देऱ्याच्या बाजूला ऑफिसला जायचा. खाडीच्या अलीकडे, बर दुबईत, वारा खाली खोल्यांत उतरवणारा मनोरा असलेल्या एका जुन्या घराच्या माडीवर त्यांची खोली होती. सुरैय्याला तिथे येऊन फार दिवस झाले नव्हते. तिला दुसरं मूल होणार होतं आणि डॉक्टरने जिना फार चढू-उतरू नकोस म्हणून सांगितलं होतं.

गल्लीच्या टोकाला मरियमबी राहायच्या. रत्नागिरीच्या, विधवा, पूर्वी मुंबईत मास्तरीण होत्या. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी बालवाडी काढली होती. हिंदुस्तानी क्लार्क लोकांची बारकी पोरं तिथे चटईवर बसून एबीसी आणि अलिफ-बे म्हणायची.

तय्यबचं म्हणणं, बानूने रोज जावं. तो स्वतः आठव्या वर्षी शाळेत गेला होता आणि ऑफिसात साहेबाशी इंग्लिश बोलताना अजून त्याची जीभ अडखळायची. सुरैय्याचं म्हणणं, मुळीच जाऊ नये. एवढीशी पोर, माझ्याशिवाय कधी राहिली नाही, बाळ आल्यावर तर तिला वाटेल आपल्याला घालवून दिलं. पुष्कळ दिवस हा वाद चालला. बानू दोघांच्या मध्ये बसून कधी याच्या तोंडाकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

शेवटी तय्यब म्हणाला, "खलास. एक दिवसाआड. तुझंही राहील, माझंही राहील."

पहिले काही दिवस बरे गेले. शाळेच्या दिवशी बानू हसत जायची, हसत यायची. घरच्या दिवशी मात्र ती खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून बसू लागली. बाहुली नको, खजूर नको. हाक मारली तर उशिराने बघायची, जणू हाक लांबून येत होती. एकदा सकाळी सुरैय्या डाळ निवडत असताना बानू भिंतीकडे बघतच मोठ्याने म्हणाली, "प्रेझेंट!"

सुरैय्याला हसू आलं. मरियमबी हजेरी घेतात ते पोरीने उचललं, असं तिला वाटलं. पण घरच्या प्रत्येक दिवशी, सकाळी तेवढ्याच सुमाराला, बानू तो शब्द म्हणायची. शाळेच्या सुट्टीला, शुक्रवारी, कधीच नाही. आणि घरच्या दिवशी, खोलीच्या बाहेर पाऊलही न टाकलेल्या पोरीच्या पायाच्या बोटांमध्ये गल्लीतली वाळू असायची. सुरैय्याने ती धुऊन काढली आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, तिला शाळाच हवी आहे.

मग खालच्या मजल्यावरच्या खैरुन्निसाकडे मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या कवनांचं वाचन होतं, तिथे मरियमबी भेटल्या. त्यांनी सुरैय्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पोर गुणाची आहे तुझी. एक दिवस चुकवत नाही."

"एक दिवसाआड येते ना, खाला."

"रोज येते," मरियमबी म्हणाल्या. "बाप सोडतो त्या दिवशी बडबडते. एकटी येते त्या दिवशी गप्प असते. पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही. मी तुला विचारणारच होते, एवढ्या लहान पोरीला एकटी का पाठवतेस म्हणून."

मरियमबींनी सुरैय्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातला सरबताचा पेला खाली ठेवला.

त्यानंतर जो घरचा दिवस आला, त्या सकाळी बानू पुन्हा झोपली होती. सुरैय्याने खैरुन्निसाला वर बोलावून तिच्याजवळ बसवलं, बुरखा घातला आणि भिंतीला धरून जिना उतरली. गल्लीत ऊन चढलं होतं. मरियमबींच्या दाराचा पडदा अर्धा सरकवलेला होता. आत पोरं एका सुरात काही म्हणत होती.

चटईच्या शेवटी बानू पाठमोरी बसली होती. अंगात निळा फ्रॉक होता. तो सुरैय्यानेच हाताने शिवलेला, उरलेल्या कापडाचा, कॉलर एका बाजूला वाकडी बसलेली. तसला दुसरा फ्रॉक दुबईत नव्हता, आणि आत्ता घरी झोपलेल्या बानूच्या अंगात तोच होता. इतर पोरं माना हलवत गात होती. ही हलत नव्हती. तिच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं. पोरांनी आपणहून तेवढी चटई मोकळी सोडली होती.

सुरैय्या तशीच मागे फिरली आणि पोटावर हात ठेवून जमेल तेवढ्या घाईने घरी आली.

खैरुन्निसा म्हणाली, पोरीने कूससुद्धा बदलली नाही, अंग जरा थंड लागलं म्हणून चादर घातली. सुरैय्या अंथरुणाशी बसली तेव्हा बानूने डोळे उघडले.

"अम्मी," ती म्हणाली, "आत का नाही आलीस?"

संध्याकाळी तय्यब आला तेव्हा सुरैय्याने त्याला सगळं सांगितलं. तो हसेल किंवा रागावेल असं तिला वाटलं होतं. तो बूट न काढताच खाली बसला. मग म्हणाला की त्यानेही बानूला तिथे पाहिलं होतं. ऑफिसच्या कामाने खाडीच्या अलीकडे परत आला होता तेव्हा, घरच्या दिवशी, मरियमबींच्या दारातून. त्याला वाटलं होतं, सुरैय्या शेवटी ऐकायला लागली, फक्त तोंडाने कबूल करत नाही. तो मनातून खूश झाला होता, म्हणून त्याने विषय काढला नव्हता.

"तिला तू काही सांगितलं होतंस?" सुरैय्याने विचारलं.

त्याने मान खाली घातली. रोज निघताना तो बानूच्या कानात सांगायचा, रोज शाळेत जायचं, अब्बाचं ऐकायचं. मग सुरैय्यानेही सांगितलं. वेणी घालताना ती रोज म्हणायची, माझ्याजवळच राहायचं, कुठे जायचं नाही.

"ती दोघांचं ऐकतेय," सुरैय्या म्हणाली.

तय्यबने बानूकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो म्हणाला, "आता मधलं काही नको. बाळ होईपर्यंत घरी. नंतर रोज. कबूल?"

"कबूल."

त्यांनी बानूला समोर बसवलं आणि दोघांनी मिळून, एकच वाक्य, तिला सांगितलं. बानूने ते नीट ऐकून घेतलं.

"मग तिला कोण आणणार?" तिने विचारलं.

पुढचा दिवस शाळेचा होता. त्यांनी तिला पाठवलं नाही. तय्यबने ऑफिसात आणि मरियमबींकडे निरोप धाडला, बानूला कडेवर घेतलं आणि तिघंही गल्लीतून निघाली. मरियमबी दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाकीच्या पोरांना मागच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. त्यांनी पडदा बाजूला केला.

ती चटईच्या टोकाला बसली होती.

तय्यब बानूला घेऊन उंबऱ्याशी थांबला. सुरैय्या आत गेली. चटई पायाला गार लागली. ती त्या पाठमोऱ्या पोरीच्या मागे, हात पोचेल एवढ्या अंतरावर, जड अंगाने खाली बसली. हात मात्र लावला नाही.

"बानू," ती म्हणाली, "चल घरी. अब्बांनी पण सांगितलंय."

"हो, बानू," तय्यब दारातून म्हणाला. "घरी चल. मीच सांगतोय."

निळ्या फ्रॉकची वाकडी कॉलर हलली. पोर हळूहळू मान वळवू लागली. केसांची बट दिसली, मग गालाची कड. सुरैय्याला एकदम वाटलं, हा चेहरा आपण बघू नये. तरी ती डोळे मिटू शकली नाही.

तेवढ्यात दाराशी बानू रडायला लागली. गेले कित्येक दिवस ती रडली नव्हती. आता घसा फोडून, पाय झाडत रडत होती. सुरैय्याने वळून तिच्याकडे बघितलं. पुन्हा समोर बघितलं तेव्हा चटईवर कुणी नव्हतं. जिथे ती पोर बसली होती तिथला विणीचा भाग तेवढा दबलेला होता.

तय्यबने नंतर सांगितलं की त्याच क्षणी बानू त्याच्या हातात जड झाली, इतकी की त्याला दुसरा हात लावावा लागला. घरी येईपर्यंत ती रडतच होती. घरी आल्यावर तिने दोन वाट्या भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत सुरैय्याचा पदर धरून घरभर फिरली. भिंतीकडे तोंड करून ती पुन्हा बसली नाही.

त्या हिवाळ्यात शहनाझ झाली. नंतर ठरल्याप्रमाणे बानू रोज बालवाडीत जाऊ लागली. मरियमबी सांगायच्या, आता हिला गप्प बसवणं हेच माझं काम. त्यांनी ती जुनी चटई मात्र टाकून नवी आणली होती. का, ते कुणी विचारलं नाही. बानूला त्यातलं काही आठवत नव्हतं, किंवा ती सांगत नव्हती. सुरैय्याला एक खोड लागली. बानू कुठे पाठमोरी दिसली की ती हाक मारायची नाही. चालत पुढे जायची आणि आधी तिचा चेहरा बघायची.

शहनाझ शाळेच्या वयाची झाली तेव्हा तय्यबनेच विषय काढला, पण घरात नाही. दोन्ही पोरींना खैरुन्निसाकडे सोडून नवरा-बायको खाडीच्या काठाला गेली आणि होड्या लागतात तिथे पायरीवर बसली. तय्यब म्हणाला, रोज. सुरैय्या म्हणाली, अजून सहा महिने नको. ऊन उतरेपर्यंत दोघं बोलत राहिली. मध्ये एकदा आवाजही चढले.

सगळं मिटल्यावरच दोघं उठली आणि घरी निघाली.