नसलेल्या गर्भाची शिक्षा

लाँड्रीवाल्या सासूबाईंपासून त्या गल्लीत कुणाचं काही लपून राहत नसे. कपड्यांचे गठ्ठे सोडता सोडता त्या सांगायच्या, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय, कुणाच्या घरी आजारपण आलंय आणि कोण नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. "माणसं खोटं बोलतात, चादरी नाही," असं त्या छाती ठोकून म्हणत. बरेचदा त्यांचा अंदाज खराही निघे. आणि ज्याचा अंदाज बरेचदा खरा निघतो ना, त्याच्याइतकं धोक्याचं माणूस घरात दुसरं नाही. ते मग कुणाला काही विचारायचंच सोडून देतं.

हाच डोळा त्यांनी सुनेच्या कपड्यांवरही ठेवला होता.

सून सकाळपासून इस्त्रीच्या टेबलाशी उभी असे. हात असा, की कॉलरला एक सुरकुती राहायची नाही. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यात तिचं वजन वाढत चाललं होतं, मान काळवंडली होती आणि हनुवटीवर राठ केस उगवत होते. ते ती न्हाणीघरात कडी लावून चिमट्याने उपटायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. नवरा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमच्या घरात दोन पुरुष आहेत, बरं का!" गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

तिची पाळी लग्नाआधीपासूनच लहरी. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. सासूबाई त्यावरून उठताबसता टोचून बोलत. गंमत अशी की त्यांची स्वतःची मुलगी चिमणी, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली, तिचंही तसंच होतं. पण तिच्याबद्दल विषय निघाला की म्हणायच्या, "पोर आहे अजून. होतं मागेपुढे." एकाच दोरीवरचे दोघींचे कपडे, पण न्याय मात्र दोन.

या वेळी सुनेचे कपडे तीन महिन्यांहून जास्त काळ कोरे राहिले. सासूबाईंनी तिच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. सुनेला दिवस गेले!

"आई, माझं नेहमीच असं होतं हो," सून चाचरत म्हणाली. "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टर काय वेगळं सांगणारेय? माझे डोळे काय फुटलेत?"

मग काय विचारता! सुनेच्या हातातून जड गठ्ठे काढून घेतले गेले, खुर्ची आली, उशी आली. गल्लीत बातमी गेली. नवऱ्याने चेष्टा थांबवली आणि एकदा तिच्या डोक्यावरून हातही फिरवला. तो हात फिरल्यावर सुनेला वाटलं, काय सांगावं, असेलही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी मायेने वागत होतं. ती गप्प राहिली, याबद्दल तिला दोष द्यायचा असेल त्याने द्यावा. मी देणार नाही.

आणि एका दुपारी, टेबलाशी उभी असताना, तिच्या पोटात कळ आली. इतकी जोरात की इस्त्री हातातून सुटता सुटता राहिली. पायांवरून ऊन ओघळ आले. ती मटकन खाली बसली ती नेमकी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीच्या ढिगावर.

सासूबाई धावत आल्या. रक्त पाहिलं. आणि त्या किंचाळल्या, "पाडलंस! मेले, पाडलंस तू!"

"नाही हो आई! काही नव्हतंच! माझी पाळी आलीये."

"नव्हतंच?" नवऱ्याने धाडकन शटर खाली ओढलं. "सगळ्या गल्लीला सांगून बसलोय आम्ही आणि तू म्हणतेस नव्हतंच?"

पहिली थप्पड कानाखाली बसली. मग केस धरून त्याने तिला जमिनीवर लोळवलं आणि पोटात लाथ घातली. सांगा, ज्या पोटातल्या बाळासाठी हा पेटून उठला होता, त्याच पोटात! तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. "काय खाल्लंस? कुणी दिलं औषध?" तो विचारत होता आणि उत्तराची वाट न बघता मारत होता. ती एकच सांगत राहिली, नव्हतंच, देवाशप्पथ नव्हतंच. जितकं खरं सांगे तितका मार वाढे.

"हिला असं नाही कळायचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले. "जिथे पाप केलंय, तिथेच दे."

नवऱ्याने टेबलावरची इस्त्री उचलली. तापलेलीच होती ती. लुगडं-बिगडं, परकर-बिरकर काही बाजूला करायची त्याला गरज वाटली नाही. त्याने ती तिच्या ओटीपोटावर दाबली. कापड जळाल्याचा वास आला, मग दुसरा वास आला. तिच्या ओरडण्याने पत्र्याचं शटर थरथरलं.

चिमणी आतल्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं आई थांबवेल. मग वाटलं, दादा थांबेल. कुणीच थांबत नाही म्हटल्यावर तिने इस्त्रीचा प्लग खेचला, धावत जाऊन शटर वर ढकललं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, या ना कुणीतरी! मारून टाकतील तिला!"

बाहेर पाच-सहा माणसं उभीच होती. कपडे न्यायला आलेली. आत काय चाललंय ते सगळ्यांनी ऐकलं होतं. "घरातला मामला, आपण कशाला पडा," असं एकमेकांना सांगून शटर उघडायची वाट बघत होती.

दवाखान्यात सुनेला शुद्ध आली तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. आवाज एकदम मधाळ. "हे बघ बाळा, दवाखान्याने कळवलं म्हणून पोलीस आलेत. तुला चक्कर आली, इस्त्री अंगावर पडली, एवढंच सांग. घरचं घरात राहू दे. मी सांभाळून घेईन तुला."

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळलं नाही.

"हिला दिवस गेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. हिला पीसीओएस आहे. बीजांडकोशातून ठरल्या वेळी बीज बाहेर पडायला हवं, ते पडत नाही. हार्मोन्सचा तोल जातो. म्हणून पाळी लांबते आणि मग एकदम खूप अंगावर जातं. वजन, हनुवटीवरचे केस, काळी पडलेली मान, सगळं त्यातलंच. गल्लीगल्लीत असतात अशा बायका."

"म्हणजे वांझच की," सासूबाई पुटपुटल्या.

"कोण म्हणालं? औषधांनी कित्येकींना मुलं होतात. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं. पाळी नियमित करायला गोळ्या आहेत. रोज चालायचं, खाणं सांभाळायचं, साखर तपासत राहायची. आणि मूल होत नसेल तर नवऱ्यालाही तपासतात, आजी. बायकोचे नुसते कपडे नाही तपासत."

कोपऱ्यातून चिमणीने विचारलं, "हे लग्नाआधी पण असतं?"

"बऱ्याच जणींना वयात आल्यापासूनच असतं. का गं?"

चिमणीने ओठावर हात नेला. वर बारीक काळी लव होती, ती गेले कित्येक दिवस ओढणीने झाकत होती. सासूबाईंनी तो हात पाहिला. चादरीवरून अख्खी गल्ली ओळखणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला.

जबाब घ्यायला पोलीसबाई आल्या. सुनेने आपला हात सासूच्या हातातून सोडवला.

"इस्त्री पडली नाही," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "नवऱ्याने दाबली. यांनी माझे हात धरले होते. मी त्या घरात परत जाणार नाही. मला बरं व्हायचंय."

"खोटं बोलते ती!" सासूबाई उसळल्या. "चिमणे, सांग ना गं तू! तू होतीस ना तिथे?"

"होते," चिमणी म्हणाली. "वहिनी खरं सांगतेय. माझाही जबाब घ्या."

"अगं कार्टे! आईवर उलटतेस?"

चिमणी आईसमोर येऊन उभी राहिली. ती रडत होती.

"आई, चार महिने झाले, मला पाळी नाही आली. माझे कपडे तूच धुतेस, तुला माहितीय. उद्या मी सासरी गेले आणि असंच झालं, तर त्यांनी इस्त्री कुठे ठेवायची, ते आत्ताच सांगून ठेव."

पोलीसबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि चिमणीला म्हणाल्या, "बस. सुरुवातीपासून सांग."