पहिला फोटो कारागिराचा

आमच्या दुकानात एक नियम आहे, आणि तो माझ्या सासऱ्यांनी केलेला आहे. दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्याने पहिला फोटो काढायचा तो ज्याने दुरुस्त केला त्याचा. भिंतभर मामंजींचे चेहरे आहेत, काळ्या मिशांपासून पांढऱ्या मिशांपर्यंत. त्यातले अलीकडचे सगळे खोटे आहेत. गेलं वर्षभर काम मी करते. मामंजी स्क्रू बसवतात, तो तिरका बसतो. ते चहाला उठले की मी तो काढून सरळ बसवते. त्यांचा डावा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला. उजवाही चाललाय. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. घरं अशीच चालतात.

म्हणून तो कॅमेरा आला तेव्हाच तो परत पाठवावा असं मला वाटलं.

इस्पितळाच्या मॅनेजरने तो घोंगडीत गुंडाळून आणला होता. लोखंडी धूड नुसतं. एका बाजूला हनुवटी टेकवायची पट्टी, दुसऱ्या बाजूला बघायची नळी. माणसाच्या बाहुलीतून आत उजेड सोडायचा आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढायचा, असं ते यंत्र. असले आता शोधूनही सापडत नाहीत म्हणे. इस्पितळाच्या वर्धापनदिनाला तो काचेच्या कपाटात ठेवायचा होता आणि शेजारी त्यानेच काढलेला ताजा फोटो.

"चालू झालाच पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "नुसतं भंगार मांडून काय करू?"

"होईल चालू," मामंजी म्हणाले. "आणि पहिला डोळा माझा."

"एकच तर आहे," मी म्हणाले.

"मग कुठला द्यायचा हा प्रश्नच मिटला."

मॅनेजर हसला. मला हसू आलं नाही.

शटरमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, ते मी काडीने खरवडून काढलं. भिंगांवर बुरशीची जाळी होती, तीही पुसली. मग दिव्याचं झाकण उघडलं आणि थांबले. दिवा आणि पहिलं भिंग यांच्यामध्ये एक पितळी खाच होती. तिला दोन्हीकडून स्प्रिंगा. मध्ये काहीच नाही.

"मामंजी, इथे काहीतरी होतं."

"हवा खेळायला जागा ठेवलीय ती."

"हवा धरून ठेवायला स्प्रिंग कशाला लागते?"

"शंकासूर आहेस तू. तुझ्या नवऱ्याने कसे दिवस काढले कोण जाणे."

मी मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "हो, हिरवट काच होती एक, तडकलेली. साफसफाईत फेकली. पण उजेड उलट जास्तच पडेल ना आता?"

मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून काय गेलं असतं सांगता येत नाही. ती काच उजेड अडवायला नव्हती, दिव्याची धग अडवायला होती. खात्री करायची म्हणून डोळा येतो त्या जागी काळ्या कागदाचा तुकडा लावला आणि दिवा चालू केला. कागदाच्या मध्यावर एक ठिपका तपकिरी झाला, मग त्यातून धुराची बारीक रेघ निघाली. मामंजी समोरच बसले होते. त्यांना धूर दिसला नाही. वास आला.

"काय जळतंय?"

"तुमचा डोळा," मी म्हणाले.

तरी त्यांनी हट्ट सोडला नाही.

माळ्यावर एक मोडका स्लाइड प्रोजेक्टर पडला होता. स्लाइड वितळू नये म्हणून त्यातही तशीच काच असते. ती काढली, कापायला घेतली आणि ती आडवी फुटली. उरलेल्या तुकड्यातून जेमतेम एक चौकोन निघणार होता. तो कापताना मी श्वास रोखून धरला होता. निघाला. खाचेत बसला. पुन्हा काळा कागद लावला. धूर आला नाही. पण दिवा बराच वेळ ठेवला तर कागद कोमट व्हायचा. कोमट म्हणजे किती? कागदाला दुखत नाही, तो सांगत नाही. झटपट आटोपलं तर ठीक, एवढंच मी छातीठोक सांगू शकत होते. त्यात डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करायची. ती मग काही केल्या मिटत नाही. उजेडापुढे दार सताड उघडं.

मॅनेजर सकाळीच हजर झाला, हातात थेंबांची बाटली घेऊन. "चला काका, आटपूया."

मामंजींनी मान मागे टाकली. उजव्या हाताने बाटली धरली, डाव्याने पापणी ओढली. थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबत होता. त्यांना थांबवायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते मी वर्षभर गिळत आले होते.

"मामंजी, नियम काय आहे? ज्याने काम केलं त्याचा फोटो. काम मी केलंय."

"दोघांनी केलंय."

"नाही. तुम्ही बसवलेले स्क्रू मी रोज काढून परत बसवते. फक्त या कॅमेऱ्याचेच नाहीत. भिंतीवरचे शेवटचे सगळे फोटो माझे असायला हवे होते."

थेंब त्यांच्या गालावर पडला. त्यांनी तो बाहीने पुसला. मॅनेजर घड्याळाकडे बघू लागला, त्याला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

"मग बस," मामंजी म्हणाले. "फोटो मी काढतो."

नळीतून त्यांना फोकस दिसणार नाही, हे मला माहीत होतं. पण एका सकाळी एका माणसाला किती वेळा उघडं पाडायचं? मी माझ्या उजव्या डोळ्यात थेंब टाकला. बाहुली मोठी होईपर्यंत आम्ही तिघं थांबलो.

मग मी हनुवटी पट्टीवर टेकवली. मामंजींनी दिवा चालू केला आणि नळीला डोळा लावला. उजेड सरळ मेंदूत घुसल्यासारखा वाटला. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. फोकसचं चाक फिरल्याचा आवाज आला. पुढे. मागे. पुन्हा पुढे.

"हलू नकोस."

"नाही हलत."

चाक फिरतच होतं. माझ्या डोळ्यातून पाण्याची धार लागली. मला तो तपकिरी ठिपका आठवत होता. मान मागे घेतली असती तर संपलं असतं, पण मग त्यांना दिसत नाही हे मी दुसऱ्यांदा म्हटल्यासारखं झालं असतं. मी पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ऊब जाणवतेय की मीच घाबरतेय, कळेना.

"झालं का काका?" मॅनेजर म्हणाला. "दाबा की बटण."

चाक थांबलं. मी फ्लॅशची वाट बघत राहिले.

खट्. उजेड गेला. त्यांनी दिवा बंद केला होता.

"ऊठ, सूनबाई," मामंजी म्हणाले. "मला काही दिसत नाहीये. नळीतही नाही आणि नळीबाहेरही फारसं नाही."

मॅनेजर चुळबुळला. "पण मग फोटोचं..."

"तुमची गाडी आहे ना बाहेर? दोघांना घेऊन चला तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मला फार उशीर झालाय. पण हिला मी फार वेळ उजेडात बसवलंय, हिचा डोळा आधी बघू द्या." मग माझ्याकडे वळून, माझा चेहरा नक्की कुठे आहे याचा अंदाज घेत, "डोळ्यापुढे डाग दिसतोय का?"

"दिसतोय."

"जातोय का?"

"माहीत नाही."

"खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं गं," ते म्हणाले आणि टेबलाच्या कडेने चाचपडत दाराकडे निघाले.

माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळं वर्तुळ तरंगत होतं, डावा शाबूत होता. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"पायरी आहे."

"माझंच दुकान आहे," ते खेकसले. पण दंड सोडवून घेतला नाही.