मोकळी जागा

बहरैनमधील मीना सलमान बंदराच्या गोदामांमागील गल्लीत मुनाफ परकार यांचा फोटो स्टुडिओ आहे. व्हिसाच्या छायाचित्रांवर त्यांचा चरितार्थ चालतो. त्यांची श्रद्धा मात्र मागील अंधाऱ्या खोलीत वास करते. तेथे निगेटिव्हवरून मोठी छायाचित्रे उतरवणारा एक जुना एन्लार्जर आहे आणि भिंतीवर लांग चिंगशान या चिनी छायाचित्रकाराच्या एका चित्राची प्रत. शंभराहून अधिक वर्षे जगलेल्या या कलावंताने तारुण्यात शांघायच्या वृत्तपत्रांची कामे केली. पण त्याची खरी साधना निराळी. एकीकडचा पर्वत, दुसरीकडचे झाड, तिसरीकडची नौका अशा अनेक निगेटिव्ह एकाच कागदावर जुळवून त्याने शाईने रेखाटल्यासारखी निसर्गचित्रे सिद्ध केली. मुनाफभाई त्याला गुरुस्थानी मानतात.

या विद्येची कसोटी गोदाबाईंनी घेतली. गुहागरजवळच्या गावी येत्या रविवारी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन होते. नातू संदेश हिद्दच्या कारखान्यात फिटर. त्याला आणि त्याच्या पत्नीला, अपेक्षाला, जाता येणार नव्हते, कारण रजा आधीच नामंजूर झाली होती. मागच्या सुट्टीत गावी गेलेल्या मुनाफभाईंनी गोदाबाईंच्या अंगणात, तुळशीपुढे, सारे कुटुंब फिल्मवर टिपले होते. तेव्हाच आजींनी आपल्या उजवीकडे दोन माणसांची जागा मोकळी सोडून बजावले होते की, ही दोघे शेजारी दिसल्याखेरीज आपण ओवाळून घेणार नाही.

शिफ्ट संपवून संदेश थेट स्टुडिओत आला. अपेक्षा रिफातील घरून आली. छायाचित्र निघाले. तीन दिवस खपून मुनाफभाईंनी दोन्ही निगेटिव्ह एका कागदावर उतरवल्या. सांधा कोठेही दिसेना.

"खलास, चाचा, काम फत्ते! चिन्यालाही जमलं नसतं," संदेश म्हणाला.

अपेक्षा मात्र खाली पाहत होती. तुळशीपुढे सारे कुटुंब अनवाणी उभे होते. संदेशच्या पायांत कारखान्याचे, पुढून लोखंडी टोप असलेले बूट होते, तिच्या पायांत सँडल.

मुनाफभाईंनी कपाळाला हात लावला. प्रकाश जुळवला, उंची जुळवली, पायांकडे कोणी पाहिले नव्हते. संदेशने तोडगा काढला: चिनी चित्रांत डोंगरांच्या पायथ्याशी धुके असते, तसे येथेही सोडावे.

"आजी फुंकर मारून धुकं उडवतील आणि बूट बघतील," अपेक्षा म्हणाली.

मुनाफभाईंनाही ते रुचले नाही. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या गुरूनं धुकं डोळ्यांना विसावा म्हणून ठेवलं, चूक झाकायला नाही. उद्या सकाळी या. गच्चीवर उभं करतो, अनवाणी."

सकाळी नऊलाच बहरैनच्या गच्चीचा तवा झाला होता. संदेश एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. अपेक्षा त्याला, आजींसमोर असाच नाचणार का, असे विचारून हसत होती. त्या हसण्यातच मुनाफभाईंनी क्षण पकडला. गुरुवारी गावी निघालेल्या अहमद या गाववाल्याच्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, नवी प्रत रवाना झाली.

शनिवारी अहमदने गोदाबाईंसमोर बसून व्हिडिओ कॉल लावला. स्टुडिओत तिघे फोनभोवती दाटीने बसले. आजींनी चष्मा पुसला आणि प्रत उजेडात धरली. मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवीत त्या नावे घेऊ लागल्या. संदेशपाशी त्यांचे बोट थांबले, तसे मुनाफभाई फोनवर आणखी वाकले.

"पोट सुटलंय रे तुझं," त्या म्हणाल्या. मग बोट अपेक्षावर सरकले. "बाय, भर उन्हात उभं केलं होतं का तुम्हाला? पण आलात हो शेजारी. उद्या ओवाळा मला आता."

मुनाफभाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. तेवढ्यात फोनमधून पुन्हा आवाज आला.

"मुनाफ, तू कुठं आहेस यात?"

आपण कॅमेऱ्याच्या मागे होतो, असे ते नम्रपणे म्हणाले.

"मागं राहायला तू काय परका आहेस? उद्याचं काम यावर भागवते. भिंतीवर मात्र फोटो तुझ्यासकट लावायचा. माझ्या थोरल्या मुलाच्या पलीकडं उभा राहा."

त्यांनी काही सबब सांगण्याच्या आतच फोन बंद झाला होता. संदेश कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना सरळ करणाऱ्या मुनाफभाईंना त्याने हनुवटी खाली घ्यायला सांगितली.