दोन चिंचांमधला तुकडा

मी एक जुना राज्यमार्ग आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्या अंगावरचे खड्डे बघून कुणी मला पाणंद म्हणतं, कुणी ओढा म्हणतं, पण सरकारी नकाशात मी राज्यमार्गच आहे. देवणीच्या बैलबाजाराजवळून मी निघतो. काय देखणे बैल असतात तिथले, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे! पुढे उदगीरचा किल्ला लांबूनच बघायचा, माळावरून घसरत मुखेडला उतरायचं, मग नरसी, नायगाव, आणि शेवटी नांदेडला गोदावरीच्या वाऱ्यात अंग टाकायचं. असा माझा रुबाब. म्हणजे, होता.

निजामाच्या राजवटीत मी नुसती गाडीवाट होतो. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतली की माणसं मला अशा शिव्या द्यायची की त्या इथे लिहिता येत नाहीत. मला वाटायचं, आपणही मोठं व्हावं, आपल्यावरूनही मोटार धावावी. माझी इच्छा पुरी झाली, पण कशी, ते ऐका. बाहत्तर सालचा दुष्काळ पडला आणि मी वाढू लागलो. विहिरी आटल्या, रानं करपली, जनावरं दावणीला मेली, आणि मी मात्र रोज थोडा थोडा पुढे सरकत होतो. लोकांच्या हाताला काम हवं म्हणून सरकारने दुष्काळी काम काढलं होतं, आणि ते काम म्हणजे मी. लोकांच्या उपासावर आपण लांब झालो, याची मला आजही लाज वाटते.

दोन टोळ्या होत्या. नांदेडच्या बाजूने व्यंकटी मुकादमाची आणि उदगीरच्या बाजूने चंद्रप्पा मुकादमाची. उदगीर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. चंद्रप्पाच्या टोळीत सरजाबाई होती. अठरा वर्षांची, काडीसारखी. शिवेजवळच्या वाडीतली, बौद्ध घरातली. तिची तान्ही लेक पंचशीला झाडाला बांधलेल्या झोळीत असायची. सरजाबाई बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायची आणि दिवसभर खडी फोडायची. तिच्या शेजारी नागुबाई बसायची. नागुबाईच्या घरी वीस एकर रान होतं, पण दगड फोडायला दोघी एकाच ओळीत. कामावर पहिल्यांदा पाण्याचे दोन रांजण होते, एक यांचा, एक त्यांचा. चैत्रात पाणी एकाच रांजणापुरतं उरलं आणि सगळ्या त्याच रांजणाचं पाणी पिऊ लागल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही. बोलायला तोंडात ओल लागते ना!

चंद्रप्पाकडे एक लोखंडी कडं असायचं. फोडलेली खडी त्या कड्यातून आरपार गेली पाहिजे. अडकली की म्हणायचा, "सरजे, हे काय शाळिग्राम फोडला काय? फोड पुन्हा." सरजाबाई मुकाट्याने पुन्हा फोडायची. तिची खडी क्वचितच अडकायची.

आता एक गंमत सांगतो! दोन्ही मुकादमांना हुकूम एकच होता: शिवेवरच्या चिंचेपर्यंत रस्ता आणा. वैशाखात दोन्ही टोळ्या चिंचेखाली पोचल्या आणि बघतात तर काय, मध्ये कोरडा ओढा आणि दोन फर्लांगांचं, म्हणजे पाव मैलाचं, मोकळं रान!

ओढ्यापलीकडून चंद्रप्पाने हाक दिली, "ए व्यंकटी, तुझा रस्ता कुठं झोपला रे? शिवंच्या चिंचंपातूर आणायचा हुकूम हाय."

"म्या चिंचंखालीच हुबा हाय की! तूच ये इकडं."

"मंग ही कोनती चिंच?"

"ती व्हय? ती तुमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची इसाव्याची. शिवंची चिंच ही."

"अय्यो! माझा आजा हिलाच शिवंची म्हनत हुता."

"मंग आज्यालाच बोलव रस्ता कराय!"

बाया घमेली टाकून हसत सुटल्या. कितीतरी दिवसांनी माझ्या काठावर हसू ऐकू आलं. अलीकडच्या गावांची शिवेवरची चिंच वेगळी, पलीकडच्या गावांची वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पण साहेबाने मोजमाप घेऊन टाकलं होतं. या चिंचेपर्यंत एक काम पुरं, त्या चिंचेपर्यंत दुसरं. मधला तुकडा कुठल्याच हुकमात नव्हता. मृग आठ दिवसांवर आला होता आणि काम बंद व्हायचं होतं.

सरजाबाई उठून उभी राहिली. "मुकादम, ह्या दोन फर्लांगावरून येष्टी काय उडून येती व्हय?"

"हजेरी न्हाई लागायची, सरजे. कडं बी जमा करून बसलोय म्या."

"हजेरी घाला चुलीत. माझी लेक शाळंला जायची हाय ह्या रस्त्यानं."

"झोळीतून उतरू दे की आधी!" नागुबाई म्हणाली. पण हातोडा घेऊन पहिली तीच उठली.

आठ दिवस दोन्हीकडच्या बायांनी मजुरी न घेता मला जोडलं. कडं नव्हतं, म्हणून सरजाबाईने हातातली गिलटाची बांगडी काढली आणि खडी तिच्यातून घालून बघू लागली. जी अडकेल ती पुन्हा फोडायची. बाकीच्या बाया थट्टा करायच्या, "आली बया मुकादमीन!" रोलर नव्हता, तर बैलगाड्यांत दगड भरून त्या माझ्यावरून फिरवल्या. मृगाच्या आदल्या दिवशी मी देवणीपासून नांदेडपर्यंत एक झालो. मित्रांनो, माझ्या सगळ्या अंगात मला तो तुकडा प्यारा आहे. बाकी मी मजुरीवर झालो. तेवढा तुकडा प्रेमाने झाला.

पुढे दोन्ही बाजूंना डांबर आलं आणि दोन्ही बाजूंचं डांबर आपापल्या चिंचेशी थांबलं. जुने ओव्हरसियर होते, ते मात्र भले होते. कामाच्या खेपा जाता-येता दोन-चार घमेली मुरूम मधल्या तुकड्यावर टाकायला लावायचे. कुणाला विचारायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत.

मग ब्याऐंशी साल उजाडलं. ऑगस्ट महिन्यात लातूर जिल्हा झाला! काय तो गुलाल! माझ्या किलोमीटरच्या दगडांवरचं 'उस्मानाबाद' चुन्याने झाकून पेंटरने 'लातूर' लिहिलं, तेव्हा मला नवे कपडे मिळाल्यासारखं झालं. आणि ओव्हरसियरांच्या शब्दावर उदगीरहून नांदेडला जाणारी बस माझ्यावरून सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला उसाची वाढं बांधली होती. ड्रायव्हर शेषेराव वाडीपाशी थांबला, तर सरजाबाईने त्याच्या हातावर गूळ ठेवला.

पुढच्या वर्षी पंचशीला पाचवीला गेली. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा ओढ्यापलीकडे बारा किलोमीटरवर. सकाळी साडेनऊला बस यायची. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. ती बसमध्ये चढली की पुढच्या काचेतून माझ्याकडे बघत राहायची. पुढे कोणतं वळण येणार ते आधीच मोठ्याने सांगायची.

"पोरी, तूच चालीव की गाडी," शेषेराव म्हणायचा.

"दहावी झाल्यावर चालवते, मामा!"

नागुबाई विहिरीवर डिवचायची, "काय गं सरजे, लेक कलेक्टर व्हायला निघाली का?"

"हाव. जिल्हा आता जवळ आलाय न्हवं का? लांब पडायचं न्हाई तिला."

या पाच वर्षांत मी खूप मिरवलो, मित्रांनो. तेवढीच माझी वर्षं.

कारण नवा जिल्हा झाला तेव्हा कागदांचीही वाटणी झाली होती. नव्या याद्या नीट, नेटक्या टाइप झाल्या. एका यादीत मी या चिंचेपर्यंत होतो, दुसऱ्या यादीत त्या चिंचेपर्यंत. बायांनी जोडलेला तुकडा हजेरीवर कधी आलाच नव्हता, मग यादीत कसा येणार? ओव्हरसियर निवृत्त झाले आणि मुरमाची घमेलीही थांबली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. माती वाहून गेली आणि खालची खडी वर आली. सरजाबाईने फोडलेली खडी. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात ओढ्याच्या उतारावर बसच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. पंधरा दिवसांनी पुन्हा तुटला. दोन्ही वेळा पंचशीला आत होती.

शेषेराव खाली उतरून डोक्याला हात लावून उभा राहिला. "पोरी, म्या आनली असती गं गाडी. पन आता वरून हुकूम आलाय. उद्यापासून दुसऱ्या वाटंनं जायचं."

बस गेली. दोन फर्लांगांसाठी मी सगळा ओस पडलो. पंचशीला दहावीत होती.

सरजाबाई अलीकडच्या साहेबांकडे गेली. ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "आमचा रस्ता चिंचेपर्यंत चकाचक आहे, बाई." ती पलीकडच्या साहेबांकडे गेली. तेही तेच म्हणाले. चिंच तेवढी वेगळी.

"साहेब, मधी बी रस्ता हाय. म्या सोता केलाय."

"तुम्ही केलात? मग तुम्हीच दुरुस्त करा."

साहेब हसले. सरजाबाई हसली नाही. दिवाळीत तिने माळ्यावरून हातोडा काढला. नागुबाईचे गुडघे गेले होते, तरी ती येऊन बसली. चंद्रप्पा म्हातारा झाला होता, त्याने दोन दिवस बैलगाडी दिली. सरजाबाईने पुन्हा बांगडी काढली आणि पुन्हा एकेक खडा तिच्यातून काढला. पंधरा दिवसांत माझे खड्डे भरले. जीपमधून एक साहेब आले, माझ्यावरून चालून गेले आणि म्हणाले, "छान केलंय, बाई. पण गाडी सोडायला दाखला लागतो. मी दाखला कशाचा देऊ? हा रस्ताच नाही ना कागदावर."

पंचशीला चालायला लागली. जाताना बारा, येताना बारा. पहाटे निघायची, पुस्तक हातात धरून प्रमेयं पाठ करत चालायची. मी तिच्या पायाखाली जितका मऊ होता येईल तितका होत होतो. रस्ता किती मऊ होणार? तिची चप्पल झिजली, तिने तिला ट्यूबची पट्टी लावली. सरजाबाईने बोटांना लावायची तसलीच.

माघातली दुपार होती. दोन माणसं मोटारसायकलवर तिच्या मागे लागली. ती थांबली की थांबायची, चालली की चालायची, घाण काहीतरी बोलायची. बस असती तर माझ्यावर माणसं असती. कुणीच नव्हतं. ती ज्वारीत शिरली आणि ताटं अंगावर घेत धावत सुटली. घरी पोचली तेव्हा पायात चप्पल नव्हती, हातात दप्तर नव्हतं.

सरजाबाईने तिला पोटाशी धरलं. दोघी चिंचेखाली बसल्या. मग सरजाबाई म्हणाली, "बास झालं, बाई. उद्यापासून जायचं न्हाई."

"माय, महिनाच राह्यलाय गं परीक्षेला."

"तू राह्यलीस तर परीक्षा."

पंचशीलाने रिबिनी सोडल्या आणि त्यांची घडी करून आईच्या हातात दिली. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ट्रॅक्टरमधून ती माझ्यावरूनच गेली. वळणं सगळी तिला तोंडपाठ होती. पण या वेळी तिने एकही सांगितलं नाही. खाली पाहिलंसुद्धा नाही.

आता लांबून नवा चौपदरी रस्ता झालाय. गाड्या तिकडून भुर्रकन जातात. पलीकडची चिंच वठली आणि कुणीतरी तोडून नेली. माझ्या कडेला वेड्या बाभळी माजल्यात. दगडावरचं 'लातूर' उन्हाने पुसत चाललंय आणि त्याच्या खालून 'उस्मानाबाद'ची अक्षरं पुन्हा डोकावतात. मला कुणाचं म्हणायचं, हे मलाही कळत नाही.

सरजाबाई अजून येते. सत्तरीची झालीये. काठी टेकत मधल्या तुकड्यापाशी येते, वर आलेला एखादा खडा उचलते आणि हातातल्या त्याच बांगडीतून घालून बघते. परवा नागुबाई सोबत होती. सरजाबाईने तिला विचारलं, "नागे, खरं सांग. माझी बांगडी मोठी हुती का गं कड्यापरीस? खडी जाड राह्यली असंल का? म्हनून गाडी मोडली असंल का?"

नागुबाई म्हणाली, "आता काय करतीस त्ये इचारून, सरजे. चल घरी."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. पस्तीस वर्षं ही बाई स्वतःलाच दोष देत बसलीये! मी दोन्हीची खडी पोटात घेतली आहे, कड्यातलीही आणि बांगडीतलीही, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. बांगडी लहान होती. दुष्काळात उपाशी पोरीचं मनगट ते केवढं असणार? सरकारी कड्याहून तिचं माप कडक होतं. खडीत काडीची खोट नव्हती.

पण मला तोंड नाही. दोन्ही याद्यांत मिळूनही मी पुरता नाही, तर माझं ऐकणार कोण? मी तुमच्याकडे डांबर मागत नाही. तुमच्या गावचा रस्ता यादीत कुठे संपतो, ते एकदा विचारा, आणि जिथे संपतो त्याच्या पलीकडे कोण उभं आहे, ते जाऊन बघा. आणि कधी या बाजूला आलात, तर उरलेल्या चिंचेपासून ओढ्याकडे चालत या. गिलटाची बांगडी घातलेली एक म्हातारी खडे उचलताना दिसेल. तिला एवढंच सांगा, की आजी, बांगडी लहान होती.

लवकर या, मित्रांनो. ती आता रोज येत नाही.