दोघांची एक होडी

होनोरियोच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो. पहाटे शीड उभारायचं होतं. नुसते लायनफिश मारायला म्हणून आमच्या गावचं गलबत पहिल्यांदाच निघणार होतं. आतापर्यंत शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरताना दिसला तर मारायचा, एवढंच. हा मासा आमच्या समुद्रातला नव्हे. कुठून तरी आला आणि शेवंडांची पिल्लं गिळून माजला.

होनोरियो माझा मेव्हणा. गलबत त्याचं. तो बोटांवर मोजत होता.

"फिदेन्सियो, एक होडी. लाझारो, एक. निकानोर, तू एक," माझ्याकडे बघत तो म्हणाला.

"आणि मी," येसेनिया म्हणाली. माझी मुलगी, वय एकवीस.

फिदेन्सियो हसला. "तू पाण्यात गेल्यावर गलबतावर मक्याच्या तोर्तिया कोण भाजणार?"

"तुम्हीच भाजा काका. मासा तरी कुठे धड मारता येतो तुम्हाला? पोटात भाला खुपसता आणि पर फाडून आणता."

खरंच होतं. त्या परांची कानातली माझी बायको एल्वीरा करायची. तिला जाऊन सात महिने झाले. आता तिच्या टेबलाशी पोर बसते आणि आम्ही आणलेले निम्मे पर फेकून देते. तिला स्वतः डोक्यात नेम धरून मारायचा होता. दम धरून आठ वाव, जवळजवळ पन्नास फूट, खाली जाते ती, माझ्याइतकीच. तिच्या दमाची मला काळजी नव्हती.

त्या माशाचे काटे विषारी. टोचल्याने सहसा माणूस मरत नाही. पण आठ वाव खाली कळ सोसवली नाही आणि तोंड उघडलं, तर मरतो. आणि आमची रीत अशी की गलबतावरून ज्यानं त्यानं आपली होडी घ्यायची आणि नजरेआड व्हायचं. आपली शेवंडांची बिळं कुणी कुणाला दाखवत नाही. मी एल्वीरालासुद्धा सांगितली नव्हती. कोण वर आलं नाही, हे संध्याकाळी होड्या मोजताना कळतं.

"येसेनिया माझ्या होडीत," मी म्हणालो. "एक खाली, एक वर."

"एका होडीत दोघं? मासे निम्मेच येतील," होनोरियो म्हणाला.

लाझारोनं तोंड वाकडं केलं. "पोरीला जागा दाखवणार? उद्या लग्न करून दुसऱ्याच्या गलबतावर गेली म्हणजे?"

"मला नकोच कुणाची होडी," येसेनिया म्हणाली. "पपा तीस वर्षं एकटेच जातात ना? मीही जाईन. इथून नेलं नाहीत तर दुसरं गलबत बघेन."

तिनं बघितलं असतं. आईवर गेली आहे.

मी म्हणालो, "उत्तरेच्या वाटेनं प्रवाळाच्या आत शिरलं की पाण्यात एक तुटका खांब आहे. तिथून कड्याच्या कडेनं दक्षिणेला तीन बिळं. उद्या सकाळभर आम्ही दोघं तिथं असू."

लाझारो जमिनीकडे बघू लागला, मला उघडं पाहिल्यासारखा.

"काय बोलतोयस, निकानोर?" होनोरियो म्हणाला.

"आम्ही कुठे आहोत ते तुम्हाला माहीत हवं."

फिदेन्सियो ताडकन उठला. खुर्ची पडली. "तुटका खांब? ती जागा माझी आहे!"

"एकोणीस वर्षं जातोय मी तिथं."

"मी बावीस! म्हणजे माझी बिळं तू साफ करत होतास?"

"तुझी?"

तो मारणार असं वाटलं. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. मीही उठलो. मग तो म्हणाला, "मी जागा सोडणार नाही. सांगून ठेवतो. उद्या सकाळी माझी होडी तिथंच असेल."

"बरं होईल," येसेनिया म्हणाली. "हाकेच्या अंतरावर राहा म्हणजे झालं."

फिदेन्सियोनं खुर्ची उचलली आणि बसला.

होनोरियोनं मला विचारलं, "आधी खाली कोण जाणार?"

आधी मी, हे ओठावर आलं होतं.

"ती," मी म्हणालो. "मी वर बसून सेकंद मोजणार."

"कितीपर्यंत?"

"ऐंशी," येसेनिया म्हणाली.

"साठ."

"पपा, साठात तर मासा नुसता दिसतो."

"सत्तर," मी म्हणालो. "एकाहत्तरला मी उडी मारणार."